उजवीकडचे आकडे

राऊ गावातल्या त्या घरातला कॉम्प्युटर अजून डोळ्यांसमोरून जात नाही. स्क्रीन चालूच होती आणि समोरच्या खुर्चीत एक बाई मान टाकून गेलेली होती. वय बेचाळीस. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताने तिचा उजवा हात गेला होता. स्क्रीनवर चार ओळी होत्या: "मी सगळ्यांवर ओझं झाले आहे. कोणालाही दोष देऊ नये." खाली तारीख.

मी तेव्हा त्या भागाच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नवरा रडत होता. आदल्या दिवशी सकाळी आठला देवासला गेलो, आज दुपारी परतलो तर हे दिसलं, असं त्याने सांगितलं. पंचनामा झाला, कॉम्प्युटर जप्त केला. आकस्मिक मृत्यूची नोंद, आमच्याकडे तिला मर्ग म्हणतात, मी स्वतः लिहिली: "आजाराला कंटाळून विष घेतल्याचे दिसते." रासायनिक तपासणीसाठी व्हिसेरा राखून ठेवला तो केवळ नियम म्हणून. तिच्या बहिणीने अंत्यसंस्कार केले.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीनंतर एक तिशीतली बाई ठाण्यात आली. महूची, आजोबा फौजेत होते. पलासियाला कॉम्प्युटर शिकवायची. तिने पर्समधून एक माउस काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"सर, हा त्या ताईंचा आहे. त्या गेलेल्या दिसल्या, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी चारला मी त्यांच्या घरी होते."

"मग?"

"त्यांचा डावा हात थरथरायचा, माउस धरताच यायचा नाही. म्हणून मी सेटिंग बदलून दिली. कीबोर्डच्या उजवीकडचे आकडे दाबले की स्क्रीनवरचा बाण सरकतो. पाच दाबलं की क्लिक. एक घंटा प्रॅक्टिस केली त्यांनी. मग म्हणाल्या, हा माउस तू घेऊन जा, आता मला नको. सर, असं बोलणारी बाई रात्री ओझं-बिझं लिहील का?"

"माणसाचं मन पालटतं, ताई."

"पालटत असेल. पण दुसऱ्या दिवशी अकराला त्यांचा विजय नगरला इंटरव्ह्यू होता. कोणती साडी नेसू, हे मला विचारत होत्या."

ती गेल्यावर मी माझंच लिहिलेलं पुन्हा वाचलं. इंटरव्ह्यूबद्दल नवऱ्याने एक शब्द सांगितला नव्हता. मी विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी त्याला बोलावलं. चहा दिला. घाईने विचारलेल्या प्रश्नाला माणूस घाईने खोटं बोलतो, निवांत विचारलं की बेसावध होतो. कॉम्प्युटर तुम्ही वापरता का, असं विचारलं.

"नाही साहेब, मी तर कभी हातच नाही लावला. तिचाच होता तो."

"बरं. लॅबला पाठवायचाय. त्यात काही बिघाड असेल तर आधी लिहून द्यावा लागतो."

तो लगेच म्हणाला, "कीबोर्ड खराब आहे ना. उजवीकडचे आकडे चालत नाहीत. दाबले की नुसता बाण पळतो. तारीख वरच्या आकड्यांनी टाकावी लागते."

जबाब उतरवणारा मुन्शी लिहिता लिहिता थांबला.

"कधीपासून खराब आहे?"

"बहुत महिने झाले."

"ते आकडे तुम्ही देवासला गेलात त्या दिवशी दुपारी चारपर्यंत ठीक होते. तुम्ही सकाळी आठला निघालात. मग तुम्ही बाण पळताना पाहिला कधी?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "नोकरी लागली की बहिणीकडे राहायला जाणार होती. मी तीन साल तिला खाऊ घातलं, न्हाऊ घातलं, और अब मेरी जरूरत नाही म्हणे."

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून पुढे बरंच काम करावं लागलं. कॉलनीच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात त्याच दिवशी संध्याकाळी सातला परतलेला तो दिसला. विष विकणाऱ्या दुकानदाराने त्याला ओळखलं. व्हिसेऱ्यात तेच विष निघालं. ते त्याने तिला दुधातून दिलं होतं आणि ती गेल्यावर बाजूला उभं राहून त्या चार ओळी टाइप केल्या होत्या. जन्मठेप झाली.

निकालानंतर तिची बहीण भेटली. म्हणाली, "साहेब, चितेसमोर उभी राहून मी तिला बोलले हो. इतकी कशी हरलीस म्हणून. आता ते परत कसं घेऊ?"

तिला तसं बोलायला माझ्याच नोंदीने लावलं होतं. अपंग बाई जगायला कंटाळली असणार, हे मी चार ओळी वाचून मानलं, कारण ते मानणं सोपं होतं. त्यानंतर नोकरीत जितके मर्ग आले, त्या प्रत्येकात पहिला प्रश्न मी हाच विचारला, की या माणसाला उद्या कुठे जायचं होतं? राऊच्या त्या प्रकरणात तो प्रश्न ठाण्यात घेऊन आली ती कॉम्प्युटर शिकवणारी एक बाई. वर्दी माझ्या अंगावर होती.