हळकुंडांच्या डब्यातला कागद

महिन्यापूर्वी सकाळी गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमच्या माडीवरच्या पल्लवीचा फोटो आला. भोवती फुलांची चौकट, खाली दहाएक ओळी मजकूर. मी खूश! पोरगी डॉक्टर झाली एकदाची. लगेच टाळ्या पाठवल्या, फुलांचा गुच्छ पाठवला, वर एक नाचणारी बाईही पाठवली. सुलोचनाला, म्हणजे बायकोला, फोन दाखवला. तिनं वाचलं आणि आधी मी पाठवलेलं सगळं पुसून टाकलं. आदल्या संध्याकाळी गोरेगावच्या रस्त्यावर जीप उलटली होती... पल्लवी जागेवरच गेली होती.

हिंगोलीत मला कोण ओळखत नाही? लग्न असो, सत्कार असो, माईक माझ्याच हातात. तीन तास कागद न बघता बोलतो. लोक म्हणतात, काय स्मरणशक्ती! स्मरणशक्ती कसली डोंबलाची. मला वाचताच येत नाही. अक्षरं डोळ्यांपुढं उभी राहत नाहीत. मास्तरांनी छड्या मोडल्या, अक्षरं काही हलायची थांबली नाहीत. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सुलोचना वाचून दाखवते, मी पाठ करतो. तीस वर्षं हे फक्त तिला ठाऊक होतं.

मग ते पल्लवीला कळलं. ती आमच्या माडीवर भाड्यानं राहायची, डिस्लेक्सियावर पीएचडी करायची. आठवडाभर नरसी, गोरेगाव अशा आसपासच्या गावांतल्या शाळांत जाऊन लेकरांचं वाचन तपासायची आणि रविवारी संध्याकाळी मला, सुलोचनाला आणि शेजारच्या निवृत्त कंडक्टर इंगळेभाऊंना पोकर शिकवायची. पैसे लावायचे नाहीत, ही तिची अट. मोंढ्याच्या बाजारातून आणलेली हळकुंडं लावायची. डाव उठेपर्यंत सगळ्यांची बोटं पिवळी. कोणती पानं कोणाला भारी, याचा तक्ता तिनं भिंतीवर लावला होता. तरी मी दर डावाला विचारायचो, "बाई, यात मोठं कोण?"

इंगळेभाऊ वैतागायचे. "आरं, भिंतीवर लिवलेलं हाय ना! डोळे काय मोंढ्यात इकून आला?"

"राजे स्वतः वाचत नसतात, भाऊ. दिवाण वाचतात."

सगळे हसायचे. पल्लवीही हसायची. पुढच्या रविवारी पाहतो तर तक्ता बदललेला. एक अक्षर नाही, नुसती पानांची चित्रं. त्या दिवसापासून मी विचारायचा थांबलो... आणि मी थांबलो, हे तिनं बराबर टिपलं.

बऱ्याच दिवसांनी ती तिच्या संशोधनासाठी संमतीचा एक कागद घेऊन आली. "मामा, माझ्याकडं सगळी लेकरंच आहेत. मोठं माणूस एकही कबूल होऊन नाही राहिलं. तुमी बोला. नाव कुठंच येणार न्हाई."

"माईकवाला म्हटलं की अख्ख्या हिंगोलीला कळंल, बाई."

"तकलीफ तुमी भोगली. मग लाज तुमालाच काहून?"

मी कमरेत वाकून दरबारी मुजरा केला. "बाईसाहेब, हे पान झाकलेलंच राहू द्या." या वेळी ती हसली नाही. "हळकुंडांच्या डब्यात ठेवते. मन झालं की सही करा," एवढंच म्हणाली. त्यानंतर दर रविवारी ती डबा उघडायची, कागद बाजूला ठेवायची, हळकुंडं वाटायची, पुन्हा कागद आत ठेवायची. विचारलं एकदाही नाही.

गोरेगावचा एक दुकानदार बोलायला तयार आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं. त्यालाच भेटायला ती त्या दिवशी गेली होती. आमच्याच माडीखाली झोपाळ्यावर बसलेला माणूस सोडून.

शोकसभेतही माईक माझ्याच हाती दिला. मी असा बोललो की बायाबापड्या ढसाढसा रडल्या. एवढं एक सोडून सगळं बोललो.

म्हणून हे आज सांगतोय, आणि सुलोचना लिहून घेतेय. "हे नावासकट छापायचं?" तिनं मघाशी विचारलं. व्हय, नावासकट.

पल्लवीच्या भावानं तिचं सामान नेलं, डबा मात्र इथंच राहिला. आतला कागद कडांना पिवळा झालाय. काल मी सही केली. तेवढी मला येते, चित्रासारखी गिरवून. सही केलेला कागद कुणाकडे द्यायचा, ते तळाशी छापलं आहे. सुलोचनानं वाचून दाखवलं.

तिथं पल्लवीचं नाव आहे.