न फवारलेलं गाव

नागपूरहून निघालेल्या छोट्या गाडीत माझ्या मांडीवर एक पत्र्याची पेटी होती. शेजारच्या गृहस्थांनी तीनदा विनवूनही मी ती खाली ठेवली नाही. पेटीत दोन गावांतल्या मुलांची कार्डं होती, एका मुलाला एक. कार्डाच्या कडेने भोकं आणि प्रत्येक भोकाला अर्थ: ताप येतो का, पानथरी (प्लीहा) वाढली आहे का, घरात फवारणी झाली आहे का. उत्तर ‘हो’ असेल तर भोकाची कडा कातरीने कापायची. मग सगळा गठ्ठा उभा धरून एका भोकातून विणायची सुई आरपार घातली आणि हलवलं, की ‘हो’वाली कार्डं आपोआप खाली गळतात. दिवसभराची मोजदाद घटकाभरात उरकते.

मला या युक्तीचं भारी कौतुक होतं. नागभीडला ब्रह्मपुरीची गाडी धरेपर्यंत वेळ होता, तेव्हा चहा पिता पिता एका तांदळाच्या व्यापाऱ्यालाही मी ती करून दाखवली. त्याने सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, “यानं पोट्टे (मुलं) बरे होतेत का जी?”

“ते नंतर,” मी म्हणालो आणि कार्डं गोळा केली.

चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि डीडीटी नवी नवी आली होती. तिने हिवताप किती हटतो हे पाहायचं आमचं काम. त्यासाठी वैनगंगेपलीकडची, जंगलाच्या कडेची, एकमेकांसारखी दोन गावं निवडली होती. एका गावातल्या भिंतींवर पावसाळ्यात दोनदा औषध मारायचं. दुसरं गाव मुद्दाम तसंच ठेवायचं, म्हणजे तुलना करता येते. तिथे ताप असलेल्याला कोयनेलच्या (क्विनीनच्या) गोळ्या द्यायच्या, पण भिंतीला हात लावायचा नाही. या दुसऱ्या गावाचं खरं नाव मी सांगत नाही. आपण त्याला कुसुमटोला म्हणू.

ब्रह्मपुरीच्या स्टेशनवर दौलतभाऊ उभे होते. चाळिशी उलटलेला, रुंद खांद्यांचा, अबोल माणूस. पावसाळ्यात ते आमच्या फवारणीच्या तुकडीत पंप चालवत आणि एरवी माझे वाटाडे. नदी आम्ही डोंग्यातून पार केली. पलीकडे उतरताना मी रुबाबात उडी मारली आणि माझा डावा बूट वैनगंगेच्या चिखलाने कायमचा ठेवून घेतला. पुढचे चार दिवस दौलतभाऊंनी आणून दिलेल्या जाड चपला घालून मी हिंडलो. सरकारी माणसाचा दरारा बुटात किती असतो, ते तेव्हा कळलं.

काठावरून रेंगी (दोघातिघांपुरती हलकी बैलगाडी) केली. दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या, मधेच एखादी बोडी (शेतातलं लहान तळं), तिच्यात कमरेएवढ्या पाण्यात जाळं धरून उभे असलेले ढिवर. मग सागाचं रान सुरू झालं. हवेत ओल्या पेंढ्याचा वास होता. इतकं सुंदर रान आणि त्यात इतका ताप, हे माझ्या मनाला पटत नसे. कार्डावर त्याला भोक नव्हतं.

फवारलेल्या गावात दोन दिवस काम चाललं. मुलांना ओळीने चटईवर निजवायचं, डाव्या बरगडीखाली बोटं दाबायची, पानथरी हाताला लागते का ते पाहायचं आणि नोंदायचं. बहुतेकांची पोटं मऊ लागली. लोक खूश होते, पण त्यांच्या आनंदाचं कारण वेगळंच होतं. “ढेकूण मेले जी सारे!” एक म्हातारी माझा हात धरून सांगत होती. डासांचं तिला विशेष काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दौलतभाऊ म्हणाले, “साहेब, कुसुमटोल्याले तुम्ही गाडीवाल्यासंग जा. मी इथीच थांबतो. पाय दुखून राह्यला.”

“पाय तर काल दुखत नव्हता.”

“आज दुखते.”

मला रागच आला. गावात कोणी ओळखीचं नाही, मुलांना कोण गोळा करणार? मी त्यांना जवळजवळ ओढूनच रेंगीत बसवलं. वाटभर ते बैलांकडे पाहत राहिले.

कुसुमटोला लहानसं गाव, एकूण चार गल्ल्या. दिवाळी नुकतीच झालेली, त्यामुळे प्रत्येक घराची भिंत पांढऱ्या मातीने सारवलेली आणि दारापाशी गेरूची चित्रं. पहिल्या तीन गल्ल्यांत मला हवं तेच सापडलं. हवं तेच, असं लिहिताना आज हात अडखळतो. मुलांची पोटं फुगलेली, पानथरी हाताला दगडासारखी लागणारी, डोळे पिवळट. मी उत्साहाने कडा कापत होतो. दोन गावांतला फरक इतका स्वच्छ दिसत होता की नागपूरला बसणाऱ्या आमच्या मोठ्या डॉक्टरांची शाबासकी मला ऐकूच येत होती.

चौथ्या गल्लीत घोळ झाला. पहिल्या मुलाचं पोट मऊ. दुसऱ्याचं जवळजवळ मऊ. तिसऱ्याचं मी पुन्हा चाचपलं, मग पेटी उघडून उन्हाळ्यातली नोंद काढली. तेव्हा तीन बोटं वाढलेली पानथरी आता जेमतेम लागत होती.

“हिव येते का रे?”

“आधी ये. आता नाई येत.”

“कधीपासून?”

मुलाने दौलतभाऊंकडे पाहिलं. दौलतभाऊ चपलेच्या अंगठ्याने जमीन उकरत होते.

त्या गल्लीच्या टोकाला एक घर होतं, आणि दिवाळीतही न सारवलेलं असं गावात ते एकच. मळकट भिंत, गेरूचं एक बोटही नाही. सुतक असेल म्हणून मी मागे फिरणार होतो, तेवढ्यात पडवीच्या भिंतीवर उन्हाची तिरीप पडली आणि आडवे पांढुरके पट्टे दिसले. पंपाचे फटकारे मी शंभर घरांत पाहिले होते. ओळखायला क्षणही लागला नाही.

“हे कोणी केलं?”

दौलतभाऊ सरळ उभे राहिले. “मी केलं. माह्या बहिणीचं घर हाये.”

दारात एक बाई येऊन उभी होती. सगुणाबाई. कडेवर वर्षाचं मूल.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. वर्षभराची मेहनत, सरकारचा विश्वास, शास्त्र, सगळं बाहेर काढलं. दौलतभाऊंनी पुरतं ऐकून घेतलं.

“राखीले आलो होतो साहेब,” मग ते म्हणाले. “हिची मोठी पोरगी त्याच्या आधीच्या साली हिवानं गेली. सारा पावसाळा मी पंप घेऊन लोकाईच्या घरी फिरून राह्यलो. पाठीवर दवाई, अन् बहिणीनं राखी बांधली तर तिच्या हातात का ठेवू? लुगडं? उरलेली दवाई मारली. सांगतलं, पुढच्या पावसापर्यंत भीत सारवाची नाई, दवाई दबते. तिनं दिवाळीलेही नाई सारवली. साऱ्या गावानं नावं ठेवली तिले.”

“आणि बाकीची मुलं?”

उत्तर सगुणाबाईंनी दिलं. “माह्या घरी ढेकूण नाई, मच्छर नाई. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, आमचे पोट्टे झोपाले येऊ दे. मी नाई कसं म्हणू? पडवीत सारे पसरतेत.”

म्हणजे एका घराच्या औषधात अख्ख्या गल्लीची मुलं पावसाळा काढून गेली होती. मी पडवीच्या कडेला बसलो. बाईंनी न विचारता ताट समोर ठेवलं: गरम भात, लाखोरीची डाळ, तव्यावर भाजलेल्या बोडीतल्या मासोळ्या. मी पुण्याचा, मासे न खाणारा. त्या दिवशी नाही म्हणवेना. काटा घशात अडकला, तेव्हा त्यांनी कोरड्या भाताचा घास गिळायला लावला.

मी सावरल्यावर त्या समोर बसल्या. “भाऊ, एक सांगा. आमचंच गाव काऊन सोडलं?”

मी तुलनेचं सगळं समजावलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत.

“म्हणजे तिकडचे पोट्टे बरे झाले अन् आमचे बिमारच राह्यले, तं तुमाले समजते का दवाई चांगली हाये?”

“हो.”

“मंग समजलं का?”

“समजलं.”

“मंग?”

मी ताटाकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्या खरोखरच विचारत होत्या.

निघताना दौलतभाऊ म्हणाले, “लिवा साहेब, माहं नाव लिवा. काम गेलं तं गेलं. पण हे भीत धुवाले सांगू नका.”

परतीच्या वाटेवर नदीपाशी मी त्यांना सांगितलं की नाव लिहिणार नाही. ते फक्त “बरं जी” म्हणाले आणि पेटी डोंग्यात नीट ठेवली.

नागपूरला पोचल्यावर मी अहवाल लिहिला. कुसुमटोल्यात एका घरी फवारणी झालेली आढळली, गल्लीतली मुलं तिथे झोपत होती, सबब हे गाव तुलनेस निरुपयोगी. फवारणी कोणी केली, याचा तपास लागला नाही. शेवटचं वाक्य खोटं आहे हे मला ठाऊक होतं, आणि ते लिहिल्याचं आजही वाईट वाटत नाही.

मोठे डॉक्टर चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. भला माणूस होता. चष्मा काढून म्हणाले, “गाव वगळा. आता ते आपल्या हिशेबात नाही, तेव्हा पुढच्या पावसाळ्यात त्यांना औषध देऊन टाका. सगळ्या घरांना.”

मला इतका आनंद झाला की दौलतभाऊंना पत्र लिहायचा मजकूर मी तिथे उभ्या उभ्याच जुळवू लागलो. सगुणाबाईंच्या शेवटच्या प्रश्नाला अखेर काहीतरी उत्तर मिळालं होतं.

“पण त्याच्या जागी दुसरं गाव लागेल,” डॉक्टर म्हणाले. “तुलनेशिवाय हे औषध सगळीकडे द्या असं आपल्याला वर सांगता येणार नाही. तो भाग तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत नाव द्या.”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आजही मी त्यात चूक काढू शकत नाही. गावांची यादी घेऊन मी टेबलाशी बसलो. पूर्वी अशी यादी मी चहा पिता पिता संपवली असती. आता प्रत्येक नावाशी थांबत होतो. या गावात मला पाणी दिलं होतं, म्हणून नको. त्या गावचा गाडीवाला, नको. तिथल्या पाटलाच्या नातवाला मी उचलून घेतलं होतं, नको. दुपार सरली. शिपाई दोनदा डोकावून गेला.

शेवटी मी एक नाव लिहिलं आणि कागद आत पाठवला. त्या गावात मी कधीच गेलो नव्हतो. म्हणूनच ते लिहिता आलं.