जाऊबाईंसाठी बसवलेली छाती

ये गं, अशी जवळ बस. छातीतली गाठ हाताला लागून दोन महिने झाले आणि तू ती पदराखाली घेऊन हिंडतेस? शहाणी आहेस का? मीही हाच वेडेपणा केला होता, म्हणून बोलते.

घाटकोपरच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "बाई, कॅन्सर आहे. डावा स्तन काढावा लागेल." बायॉप्सी केली होती, म्हणजे गाठीचा तुकडा तपासला होता, त्यात निघालं. मग मॅस्टेक्टॉमी झाली. म्हणजे अख्खा स्तन काढला. राहिला आडवा व्रण. रडले, पण जगायचं होतं ना!

खरा घाव पुढे बसला. मुलुंडला पुतणीचं डोहाळजेवण होतं. ओटी भरणाऱ्या पाच सुवासिनींत माझं नाव. नारळ घेऊन उठले, तर थोरल्या जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू नको गो. तुझा आंग अपुरा झाला. पोरीच्या पोटात बाळ आसा."

माझा नवरा बाहेर पंगतीला पाणी वाढत होता, चांगला धडधाकट. आणि मी आत नारळ धरून उभी, विधवेसारखी!

व्रण नीट भरल्यावर प्लास्टिक सर्जनकडे गेले. त्यांनी विचारलं, "या वयात हे कशासाठी करायचंय?"

"जाऊबाईंसाठी."

ते हसले. मी नाही हसले.

जुन्याच व्रणातून छातीच्या स्नायूखाली त्यांनी टिश्यू एक्सपांडर ठेवला, म्हणजे रिकामा फुगा. दर मंगळवारी वरून सुई टोचून त्यात सलाईन भरायचे, म्हणजे मिठाचं पाणी. थोडं थोडं, कातडी ताणली जाईपर्यंत. दोन-दोन दिवस ठणका. हात वर जाईना, तेव्हा वेणी नवऱ्याने घातली, वेडीवाकडी. बाहेरच्या बाकड्यावर नंबर येईपर्यंत बायका जप करायच्या. मी जाऊबाईंचं नाव घ्यायची.

काही महिन्यांनी फुगा काढून इम्प्लांट बसवलं, सिलिकॉनची मऊ पिशवी. खोटं सांगत नाही, तिथे स्पर्श कळत नाही. थंडीत गार पडतं. बोंडही नाही. पण ब्लाउज दोन्हीकडे बसतो.

संक्रांतीला हळदीकुंकू मुद्दाम माझ्याकडे ठेवलं. सगळ्या आल्या, जाऊबाईही. एकेकीला कुंकू लावत गेले. जाऊबाईंनी कपाळ पुढे केलं. बोट तिथपर्यंत नेलं आणि पुढचीला लावलं.

"अगो, माका रवला," त्या म्हणाल्या.

"राहू दे की. अपुऱ्या बाईच्या हातचं कशाला?"

जाऊबाई वाण न घेता चपला शोधत निघाल्या. पाप लागेल म्हणतात. लागो. त्या दिवशी तिळगूळ काय गोड लागला, सांगू!

डॉक्टरांचे उपकार जन्मभर मानीन. त्यांनी जीव वाचवला. मान मात्र मी माझा घेतला.

इथे नको, माणसं आहेत; तू घरी ये गं लवकर, याच रविवारी. दार लावून घेऊ. दाखवते तुला, हात लावून बघ.