हेल्मेटवरचा ठेका

माझ्या मुलीची हडपसरची शाळा क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या विचारांवर चालते. तिथे मुलांचे नंबर काढत नाहीत आणि खरं बोलण्याला फार मान आहे. दर शुक्रवारी मुलं आणि पालक गोल करून गप्प बसतात. ज्याला आतून वाटेल, छाती धडधडू लागेल, त्यानं उठून बोलायचं, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. शेवटी शेजाऱ्याशी हात मिळवला, की सभा संपली.

माझ्या शेजारी नेहमी एक बाई असत. मांडीवर हेल्मेट आणि त्यावर बोटांचा ठेका. नाव मी कधी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी त्या पुटपुटल्या होत्या, "अहो, आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हे कुणीतरी शिकवा."

त्या शुक्रवारी मला घाम फुटला होता. समोर बसलेली माझी मुलगी महिनाभर माझ्याकडे बघत नव्हती. मी तिला गुपचूप स्वारगेटच्या, नंबर काढणाऱ्या क्लासला पाठवत होतो आणि शाळेत विचारलं तर नाही म्हण, असं बजावलं होतं.

बाईंची बोटं थांबली. "छाती धडधडतेय ना? मग उठा की."

उठलो. "मी माझ्या मुलीला खोटं बोलायला लावलंय," एवढंच म्हणालो. मुलीनं मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. त्या शांततेत मला आनंदानं ओरडावंसं वाटलं!

हात मिळवला, तर बाईंचा हात माझ्याहून गार.

"सुटलात," त्या म्हणाल्या. "माझी धडधड तीन वर्षांची आहे."

पुढच्या शुक्रवारी तो ठेका मध्येच थांबला. त्यांना उठता यावं म्हणून मी त्यांचं हेल्मेट माझ्या मांडीवर घेतलं.