पहिल्या क्रमांकाचा सभासद

सांगलीत बसस्थानकाजवळ, मालकांच्याच विजेच्या सामानाच्या दुकानावर आमचे ऑफिस होते. गावोगावच्या दूध संस्थांना संगणक आणि दूध संकलनाचा प्रोग्रॅम विकणे हा धंदा. त्याआधी मी साताऱ्यात एका दैनिकात उपसंपादक होते. प्रोग्रॅमबरोबर द्यायचे मराठी माहितीपुस्तक लिहिण्यासाठी मला घेतले होते.

प्रोग्रॅम एकाच माणसाने लिहिलेला होता. पस्तिशीतला, मितभाषी. नव्वदच्या आसपास त्याने सुरुवात केली आणि पुढे ज्या गावच्या चेअरमनने जे मागितले ते जोडत गेला: जनावरांचा विमा, पशुखाद्याची उचल, वारसदाराचे नाव. मागणारा एक असायचा, पण ती स्क्रीन सगळ्यांपुढे यायची. नवी संस्था सुरू करायची तर आमचा माणूस गावात मुक्काम करून सगळी माहिती भरून द्यायचा. अशी माणसे दोन होती. एक पुण्याला गेला. उरलेला एका वेळी एकाच गावात राहू शकत होता, आणि बाकीची गावे वाट बघत होती.

गणपती उठल्यावर मालकांनी निर्णय सांगितला. दिवाळीपर्यंत एका तरी संस्थेने, आमचा माणूस न जाता, प्रोग्रॅम स्वतः सुरू करून दाखवावा. नाहीतर दुधाचे काम बंद. मग ऑफिस फक्त संगणक विकेल. प्रोग्रॅमरला त्यांनी खालच्या काउंटरवर बसायची तयारी ठेवायला सांगितले. मालक गेल्यावर तो मला म्हणाला, पुस्तक नीट लिहा, म्हणजे होईल.

पुस्तकाने होईल असे मला वाटत नव्हते. कोणी पहिल्या ओळीवरच थांबत असेल तर शेवटच्या पानावर काय लिहिले याला अर्थ नव्हता. कोण कुठे थांबतो ते आधी बघू, असे मी सुचवले. तो नाइलाजाने तयार झाला.

कोरेगाव तालुक्यातल्या एका संस्थेने नुकताच संगणक घेतला होता. तिचे सचिव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आम्ही दोघांनी मागच्या बाकावर बसायचे आणि बोलायचे नाही, अशी अट मी घातली. सभेला गेलेल्या वार्ताहराने भाषण करायचे नसते, त्यातलीच ही रीत. संगणकाला हार घातलेला होता. बाहेर संध्याकाळच्या दुधाची रांग लागली होती.

सचिवांनी पुस्तकाचे पहिले पान वाचले, पुस्तक बाजूला ठेवले आणि एकेक अक्षर शोधत सभासद क्रमांक एकपुढे गावच्या नाथाचे नाव टाइप केले. त्या भागात दूध संस्थेचा पहिला क्रमांक देवाचा असतो. यात्रेच्या आधी प्रत्येक घर एका वेळचे दूध त्या क्रमांकावर घालते आणि त्याचे पैसे देवळाला जातात. हे मला तिथे बसल्यावर कळले. प्रोग्रॅमरला कधी कळलेच नव्हते.

पुढची चौकट जन्मतारखेची होती. सचिवांनी ती मोकळी सोडून एंटर दाबले. मशीनने शिटी दिली. पुन्हा दाबले, पुन्हा शिटी. त्यांनी मागे वळून पाहिले.

"साहेब, देवाची जन्मतारीख काय टाकू?"

प्रोग्रॅमरने माझ्याकडे पाहिले. मी मानेनेच नाही म्हटले.

रांगेत पहिली उभी असलेली म्हातारी किटली खाली ठेवत म्हणाली, "टाक की रं काय बी. देव काय भांडाय येतोय व्हय?"

"खोटी एंट्री माज्या हातनं न्हाई व्हायाची, आज्जे," सचिव म्हणाले.

"मग नाथाला मागचा नंबर दे," मागून एक जण म्हणाला. म्हातारीने वळून त्याच्याकडे रोखून पाहिले.

सचिवांनी आणखी थोडा वेळ प्रयत्न केला. मग बटण बंद करून जुने रजिस्टर ओढले. "मॅडम, दूध नासंल. मशिनीचं उद्या बगू," एवढे सांगून ते फॅट तपासायला लागले.

परतीच्या एसटीत प्रोग्रॅमर चिडलेला होता. देवाला शेवटी टाकले असते तर काय बिघडले असते, असे तो म्हणत राहिला. कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा मी त्याला विचारले, आधीच्या गावांत हे कसे झाले? तिथेही पहिला क्रमांक देवाचाच असणार.

दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या संस्थांच्या फ्लॉप्या काढल्या. पहिल्या संस्थेत एक नंबरला भैरोबा. जन्मतारीख पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीस, म्हशी दोन, वारसदार चेअरमन. दुसऱ्या संस्थेत देवी, जन्मतारीख तीच. तिसऱ्यातही तीच. गावोगाव जाणारा आमचा माणूस तिथेच चहा पीत होता. त्याला विचारले तर म्हणाला, "मग काय करणार? मशीन पुढं जाईना. देवाला इचारून यायला टाइम कुठं हुता?"

प्रोग्रॅमरने आणखी दोन फ्लॉप्या लावून बघितल्या. मग मशीनकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "म्हणजे हे स्वतःहून कधी चाललंच नव्हतं. आपला माणूस चालवत होता."

पुस्तकाचे काम त्या दिवशी थांबले. आम्ही प्रोग्रॅम पुढून सोलायला घेतला. वर्तमानपत्रात जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, कारण महत्त्वाचे वर असते. इथे महत्त्वाचे तळाशी होते. संस्थेला आज संध्याकाळी दूध मोजायचे आहे. त्यासाठी नंबर, नाव आणि दूध गायीचे की म्हशीचे एवढेच लागते. बाकी सगळे ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी विचारावे, असे मी म्हटले. प्रत्येक स्क्रीनवर वाद झाला. विम्याची स्क्रीन मागे गेली तर अमुक चेअरमन रागावतील, तो म्हणायचा. ते रागावतील तेव्हा तुम्ही काउंटरवर असाल, मी म्हणायचे. हे त्याला लागायचे, पण स्क्रीन मागे जायची. शिटी त्याने पूर्ण काढून टाकली. चौकट मोकळी सोडली तरी मशीन पुढे जाऊ लागले. अडलेल्याला "चूक" असे लिहून दाखवण्याऐवजी काय करायचे ते एका ओळीत सांगायचे, ती ओळ मी लिहायची, असे ठरले. एकेका ओळीचे चार-चार खर्डे झाले.

दिवाळी तोंडावर आली असताना पलूस तालुक्यातल्या एका नव्या संस्थेची ऑर्डर आली. खालच्या दुकानाचा वायरमन मशीन जोडून परत आला. बरोबर फक्त फ्लॉप्या आणि प्रिंटरचा थोडा कागद दिला होता. मग आम्ही वाट बघत बसलो. पहिल्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मालक जिना चढून यायचे, फोनकडे बघायचे आणि खाली जायचे. आठवडा संपताना प्रोग्रॅमर चपला घालून निघाला. मशीन कोपऱ्यात पडून असणार याची त्याला खात्री होती. तुम्ही गेलात तर माणूस गेला असा अर्थ होईल, मी म्हटले. तो दारातून परत आला.

दुधाचे बिल दहा दिवसांनी निघते. बिलाच्या दुसऱ्या दिवशी धोतर-टोपीतले एक गृहस्थ धापा टाकत वर आले. मी पलूसकडच्या त्या संस्थेचा सचिव, म्हणाले, आणि प्रिंटरचा कागद मागितला. होता तो निम्म्या सभासदांच्या बिलांतच संपला होता.

मालक खालून आले. सुरू कोणी करून दिले, त्यांनी विचारले.

"कोन देनार? तुमचा मानूस येतोय म्हणून दोन दीस वाट बघितली. आला न्हाई, मग आमीच केलं." मग जरा रागाने, "पर कागद लय थोडा दिला हो तुमी."

प्रोग्रॅमरला त्यांना पुष्कळ विचारायचे होते. कुठे अडलात, कोणती ओळ समजली नाही. गृहस्थांना संध्याकाळच्या दुधाआधी गाव गाठायचे होते. कागदाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन ते उतरून गेले.

पाटणकडची एक मागणी मालकांनी पाठवायला माणूस नाही म्हणून महिनाभर रोखून ठेवली होती. तिकडचे खोके एसटीच्या पार्सलने गेले तर चालेल का, त्यांनी विचारले.

"चालेल," प्रोग्रॅमर म्हणाला, आणि फ्लॉप्या करायला बसला.