सीटखालची लाल चिंधी

किल्ली फिरवली, तर साधा दिवासुद्धा लागला नाही. काल सकाळी गाडी उत्तम चालली होती. माझा संशय सरळ इथल्या, लखनऊच्या सरोजिनी नगरातल्या मेकॅनिकवर गेला. अपघातात माझा उजवा पाय अधू झाल्यावर मोटरसायकलला मागे दोन चाकं त्यानेच लावून दिली आणि परवा सामानाचे बॉक्सही त्यानेच बसवले. "अंकल, बिल्कुल टेन्शन मत लीजिए," असं तो दर दोन वाक्यांनी म्हणायचा. एवढा धीर देणाऱ्या माणसाने माझी नवी बॅटरी काढून जुनी घातली असणारच.

आज मला मलिहाबादला जायचंच होतं. तिथले दशहरी आंबे हा नुसता बहाणा. मागे एकदा गाडीवरच चक्कर आली होती, आणि तपासण्या होईपर्यंत चालवू नका असं डॉक्टर म्हणाले होते. पण एकदा गाडी बंद केली की मला पुन्हा कोणी तिच्यावर बसू देणार नाही, ही माझी खात्री होती, म्हणून मी चालवतच राहिलो आणि तपासण्या लांबवल्या.

बॅटरी सीटखाली. सीट उचलावी तर मागची डिकी आड येते. डिकी काढायची तर कॅरियर सोडवा, आणि कॅरियरचे बोल्ट बाजूच्या दोन बॉक्सच्या मागे दडलेले. मी चरफडत एकेक सोडवू लागलो. बोल्टांवर ताजे ओरखडे होते. चोर सापडला! बायको दारात येऊन उभी राहिली. एरवी पसाऱ्यावरून डोकं खाणारी ती आज गप्प होती. तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.

सीट उचलली. बॅटरी माझीच होती, नवीच. फक्त काळी वायर सोडवून बाजूला वळवली होती आणि तिला लाल चिंधी बांधलेली होती. हवाई दलात विमानाचं काही सोडवलं की आम्ही तिथे लाल फीत बांधायचो, आणि बांधणाऱ्यानेच ती काढायची. घरीही गीझरपासून गॅसपर्यंत हाच कायदा मी चालवला होता. अख्ख्या लखनऊत दुसऱ्या कुणी ती चिंधी बांधली नसती.

"तू?"

"हो. काल दुपारी तुम्ही झोपला होतात तेव्हा."

"कुणाला बोलावलं होतंस?"

"कुणाला कशाला? मीच खोललं, मीच लावलं. डॉक्टर हाँ म्हणेपर्यंत ती चिंधी मी काढणार नाही."

मी भयंकर संतापलो. पाना हातातच होता, वायर जोडायला कितीसा वेळ लागला असता. तेवढ्यात तिचे हात दिसले. संधिवाताने तिची बोटं वाकली आहेत, लोणच्याची बरणीसुद्धा ती माझ्याकडून उघडून घेते. आज त्या बोटांची सालटी निघाली होती. त्याच बोटांनी तिने बॉक्स, कॅरियर, डिकी, सीट सगळं सोडवलं होतं, आणि मला कळू नये म्हणून पुन्हा आवळलं होतं. चक्कर आली तेव्हा मी घाबरलो नव्हतो. आता घाबरलो.

पाना खाली ठेवला आणि म्हणालो, "डॉक्टरांना फोन लाव."