आप्पांची घाई आणि लिव्हरमधली गाठ

आमच्या आप्पांना प्रत्येक गोष्टीची घाई फार. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, मुक्काम मांडवगण फराटा. एसटी यायच्या कितीतरी आधी फाट्यावर उभे राहायचे आणि लग्नाला पोचायचे तेव्हा मांडववाले अजून खांबच रोवत असायचे. "उशीर झाला म्हंजी माणसाची किंमत जाती," असं ते म्हणत. त्यांच्या लवकर जाण्याने यजमानांची काय पंचाईत होते, हे त्यांना कधी कळलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्यांना उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं. शिरूरला सोनोग्राफी केली, तर लिव्हरमध्ये नारळाएवढी गाठ निघाली. "पुण्याला दाखवा, पुढच्या तपासण्यांशिवाय काही सांगता येणार नाही," असं डॉक्टर म्हणाले. पण गाठ म्हणजे कॅन्सरच, असं आप्पांनी परस्पर ठरवून टाकलं आणि मरणाच्या तयारीला लागले. तेराव्याचा आचारीसुद्धा सांगून ठेवला. वर त्याला बजावलं, "बुंदी बेतानं गोड कर. म्हादबाच्या तेराव्याला लई गोड झालती."

मग त्यांनी दामूअण्णांना बोलावलं. हे त्यांचे चुलतभाऊ. दोघांची शेतं लागून, आणि मधल्या हातभर बांधावरून वर्षानुवर्षं भांडण.

"दामू, मी चाललो. बांध तुझा," आप्पा म्हणाले.

दामूअण्णा उखडलेच. "मरणाऱ्याच्या हातचं फुकट मला नगं. बरं होऊन या. मंग भांडून घीन."

पुण्याच्या डॉक्टरांनी शिरेतून औषध सोडून स्कॅन काढला आणि सांगितलं, "हा कॅन्सर नाही. रक्तवाहिन्यांचं जाळं वाढून गाठ झालीय. एवढी मोठी क्वचितच दिसते. सुई घालून तुकडा मात्र काढायचा नाही, रक्त थांबणार नाही."

आम्हाला हायसं वाटलं. आप्पांचा चेहरा पडला. "आता आचाऱ्याला काय सांगू?"

गाठीला रक्त पुरवणारी नस आधी आतून बंद करायची आणि मग गाठ काढायची, असं ठरलं. आप्पांना ते लगेच पटलं. "म्हंजी आधी पाण्याच्या चारीचं दार लावायचं, मंग वाफ्यात उतरायचं." पण फार रक्त गेलं तर टेबलावरच काही होऊ शकतं, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. रक्त द्यायला गावातून जीप भरून माणसं आली. सगळ्यात आधी बाही वर केली ती दामूअण्णांनी.

आप्पा वाचले. पुरती ताकद यायच्या आत बांधावर हजर झाले. दामूअण्णा तिथं होतेच.

"आप्पा, माझं रगात भरलंय तुमच्यात. जरा दमानं बोला."

"तुझ्याच रगतानं डोकं तापतंय माझं!"

मी लांब उभा राहून ते भांडण ऐकत होतो. इतकं गोड भांडण मी दुसरं ऐकलं नाही.

काही वर्षांनी दामूअण्णाच अचानक गेले. सगळे विधी आटोपून त्यांचा मुलगा सणसवाडीला आपल्या कंपनीत परत निघाला, तेव्हा आप्पांनी त्याला बांधावर नेलं. "हा बांध माझा हाय, सांगून ठिवतो."

"व्हय आप्पा, तुमचाच. मला काय करायचाय?" तो म्हणाला.

आप्पांनी त्याचा दंड घट्ट धरला. "आरं, एकदा न्हाई तरी म्हण," म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून लहान पोरासारखे रडायला लागले.